शेन मॅकगावन: आजोळच्या चालीवर लंडनची गाणी

डिसेंबर उजाडला की आयर्लंडमध्ये एक गाणं चुकवता येत नाही. सुपरमार्केटात दूध घ्यायला जा, टॅक्सीत बसा, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीला जा, ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ कुठून ना कुठून कानावर पडतंच. नव्याने इथे आलेल्या आपल्या मंडळींना पहिल्या वर्षी ते आनंदी नाताळगीत वाटतं. दुसऱ्या वर्षी शब्द उमगायला लागतात आणि लक्षात येतं, की गाण्याची सुरुवात नाताळच्या आदल्या रात्री पोलीस कोठडीत होते आहे आणि पुढे एक बाई आणि एक बुवा एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढताहेत. अशा गाण्यावर अख्खा देश गळ्यात गळे घालून का डोलतो, हा प्रश्न मग तिसऱ्या वर्षी पडतो.

ते गाणं ज्याने जेम फायनर या आपल्या साथीदाराबरोबर लिहिलं, तो शेन मॅकगावन ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डब्लिनमध्ये गेला. नाताळच्या दिवशी त्याला ६६ वर्षं पूर्ण झाली असती. त्याच्यावर जे मृत्युलेख आले त्यांत बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होत्या: हे गाणं आणि दारू. पडलेले दात, हातातला भरलेला ग्लास, तोंडातून वाफ सुटावी तसं त्याचं ते हसू. मराठी माणसाला चटकन तळीराम आठवावा असं सगळं चित्र. पण ‘एकच प्याला’त तळीराम हे पात्र आहे आणि गडकरी निराळे आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. मॅकगावनच्या बाबतीत पात्र आणि लेखक एकाच अंगात राहायला होते. लोकांनी पात्राकडे इतकं पाहिलं की लेखकाकडे बघायचं राहूनच गेलं. मला इथे बोलायचंय ते त्या लेखकाबद्दल. त्याचं काम आपल्यासारख्या, घर एकीकडे आणि गाव दुसरीकडे असलेल्या लोकांच्या फार जवळचं आहे, असं मला ती गाणी ऐकता ऐकता वाटत गेलं.

पहिली गोष्ट म्हणजे, आयर्लंडने ज्याला आपला मानलं तो हा गायक जन्माने इंग्लंडचा. १९५७ साली केंट परगण्यातल्या पेंबरी इथे तो जन्मला. वडील डब्लिनचे, आई टिपेरारीची. म्हणजे टिपेरारी हे त्याचं आजोळ. नीना गावाजवळ कार्नी नावाच्या भागात आईच्या माणसांचं जुनं शेतघर होतं. मावश्या, मामे, शेजारीपाजारी, रात्री उशिरापर्यंत चालणारी गाणी-बजावणी, मध्येच जपमाळ आणि प्रार्थना, असं ते भरलेलं घर. आपण सहा वर्षांचे होईपर्यंत तिथेच वाढलो असं तो सांगायचा. पुढे चरित्रकारांनी या हिशोबावर शंका घेतल्या. तिथला मुक्काम पुष्कळसा सुट्ट्यांपुरता असावा, असं त्यांचं म्हणणं. मला हा वाद महत्त्वाचा वाटत नाही. मे महिन्यात मामाच्या गावाला काढलेले तीन आठवडे माणसाला आयुष्यभर पुरतात आणि उरलेलं वर्षभर आपण कुठे होतो हे आठवतही नाही, हे कोकणात किंवा देशावर आजोळ असलेल्या कुणालाही सांगायला नको. आठवणीचं कॅलेंडर वेगळंच असतं.

सुट्टी संपली की मात्र लंडन. आणि ते लंडन आयरिश माणसाला गोड वागवणारं नव्हतं. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबांत स्फोट झाले, एकवीस माणसं मेली, आणि इंग्लंडमध्ये आयरिश उच्चार कानावर पडला की मान वळायला लागली. त्याच महिन्यात घाईघाईने दहशतवादविरोधी कायदा झाला. किलबर्न, कॅम्डन, क्रिकलवुड या भागांत राहणारे, इमारतींवर विटा वाहणारे आणि रस्ते खणणारे आयरिश लोक तेव्हा शक्यतो आवाज न करता जगत होते. शेन अभ्यासात, विशेषतः वाचनात, इतका हुशार की वेस्टमिन्स्टर स्कूल या बड्या शाळेची शिष्यवृत्ती त्याने मिळवली; आणि मादक पदार्थ सापडले म्हणून तिथून हाकलला गेला. सतराव्या-अठराव्या वर्षीच मनोरुग्णालयाची वारीही करून झाली.

तेवढ्यात पंक आलं. पंक म्हणजे काय, हे नाट्यसंगीतावर वाढलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर, ज्यांना वाजवता येत नाही त्यांनी, वाजवता येत नाही हे न लपवता, जोरात वाजवलेलं संगीत. १९७६-७७ च्या लंडनमध्ये त्याचा मोठा भडका उडाला. ऑक्टोबर १९७६ मध्ये ‘द क्लॅश’ या बँडच्या कार्यक्रमात गर्दीत शेनचा कान रक्ताळला, त्याचा फोटो संगीताच्या साप्ताहिकात छापून आला आणि कान चावून तोडल्याची वदंता पसरली. कान शाबूत होता. पण त्यामुळे गाणं म्हणायच्या आधीच हा पोरगा प्रसिद्ध झाला. त्याच्या ‘निपल इरेक्टर्स’ (पुढे सभ्यपणे ‘निप्स’) या पहिल्या बँडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्यातली गाणी चटपटीत आहेत, पण ती दुसऱ्या कुणीही लिहिली असती.

पंकची लाट ओसरली आणि तिच्यामागून आलेल्या मंडळींना आता काय करायचं हा प्रश्न पडला. इंग्रजी समीक्षक या काळाला ‘पोस्ट-पंक’ म्हणतात. कुणी कीबोर्डकडे वळलं, कुणी आफ्रिकन तालांकडे, कुणी थंडगार कविता म्हणू लागलं. मॅकगावन आजोळी गेला. प्रत्यक्षात नव्हे, लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात राहूनच. १९८२ मध्ये त्याने आणि मित्रांनी टिन व्हिसल, बँजो आणि अकॉर्डियन ही मामा-मावशांच्या घरातली वाद्यं घेतली आणि ती पंकच्या वेगाने वाजवायला सुरुवात केली. ढोलकवाला उभ्याने दोनच ढोल बडवायचा. टिन व्हिसल वाजवणारा स्पायडर स्टेसी अधूनमधून बिअरचा पत्र्याचा ट्रे स्वतःच्याच कपाळावर आपटून ताल धरायचा. बँडचं नाव ठेवलं ‘पोग महोन’. आयरिश भाषेत त्याचा अर्थ काय होतो, हे या स्मरणिकेत छापता येणार नाही. शाळेत आयरिश शिकणारी आपली मुलं सांगतील. बीबीसीवर ज्यांना अर्थ कळत होता त्यांच्या तक्रारी गेल्यावर नाव आखडून ‘द पोग्ज’ झालं.

गंमत अशी, की या ‘आयरिश’ बँडमधले सुरुवातीचे बरेच जण इंग्लिश होते. म्हणजे परंपरा रक्तातून आली वगैरे म्हणायला जागा नाही. ती निवडलेली होती. ही निवड त्या काळात किती धाडसाची होती, हे आज डब्लिनच्या टेंपल बारमध्ये पर्यटकांसाठी रोज हीच गाणी वाजताना ऐकून कळणार नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या आयरिश पोरांना बापाच्या अकॉर्डियनची लाज वाटायची.

१९८४ च्या ‘रेड रोझेस फॉर मी’ या पहिल्या रेकॉर्डमध्ये धसमुसळेपणा जास्त आहे. खरा लेखक दिसतो तो १९८५ च्या दुसऱ्या रेकॉर्डमध्ये, ‘रम, सॉडमी अँड द लॅश’मध्ये. तिची निर्मिती एल्व्हिस कॉस्टेलोची. मुखपृष्ठावर जेरिकोचं ‘मेड्युसाचा तराफा’ हे बुडत्या माणसांचं प्रसिद्ध चित्र, आणि त्यातल्या काही चेहऱ्यांच्या जागी बँडवाल्यांचे चेहरे. थट्टा आहे, पण नुसती थट्टा नाही. देश सोडून गेलेली, पाण्यावर कशीबशी तगलेली माणसं हाच या गाण्यांचा विषय आहे.

त्यातलं ‘द ओल्ड मेन ड्रॅग’ हे गाणं घ्या. सोळा वर्षांचा एक मुलगा लंडनला येतो आणि झगमगत्या भागात अंग विकून जगायला लागतो. पोलीस कोठडीत बडवतात. काही वर्षांत तो संपतो. एवढीच गोष्ट. चाल मात्र एखाद्या घरगुती बैठकीत म्हणावी अशी संथ आणि गोड. स्थलांतराची आयरिश गाणी तोवर शेकड्यांनी होती. त्यांत बोट किनाऱ्यावरून सुटायची, आई रुमाल हलवायची आणि हिरव्या डोंगरांची आठवण यायची. बोट पलीकडच्या किनाऱ्याला लागल्यावर त्या पोराचं काय होतं, हे त्या गाण्यांत क्वचितच असायचं. मॅकगावनने तिथून सुरुवात केली. मला हे ऐकताना नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आठवतो. १९७२ मध्ये ते पुस्तक आलं तेव्हा कामाठीपुऱ्याच्या बाजूचं जग मराठी कवितेत त्याच जगाच्या भाषेत पहिल्यांदा आलं, आणि विजय तेंडुलकरांसारख्या लेखकालाही प्रस्तावना लिहिताना त्या जगाची वाट विचारावी लागली. तुलना फार ओढू नये. ढसाळांच्या मागे दलित पँथरचं राजकारण आणि जातीचा अनुभव होता. मॅकगावनच्या मागे तसं काही नव्हतं, तो मध्यमवर्गीय घरातला होता. पण शहराच्या तळाशी पडलेल्या माणसाकडे कीव न करता पाहणं, आणि त्याची भाषा न धुता कागदावर आणणं, हे दोघांनीही केलं.

त्याच रेकॉर्डमध्ये ‘अ पेअर ऑफ ब्राउन आइज’ आहे. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं गाणं हेच. प्रेमभंग झालेला एक तरुण पबमध्ये पीत बसलाय, ज्यूकबॉक्स चालू आहे, आणि शेजारचा म्हातारा त्याला युद्धाची हकीकत सांगायला लागतो: रणांगणावर विखुरलेली शरीरं, आणि परत आल्यावर वाट न पाहणारे ते तपकिरी डोळे. तरुणाला म्हाताऱ्याचा तिटकारा येतो. तो उठून बाहेर पडतो आणि चालता चालता त्याच्या लक्षात येतं, की आपल्यालाही तेच डोळे छळताहेत. म्हाताऱ्याचं दुःख कुठे संपतं आणि तरुणाचं कुठे सुरू होतं, हे गाण्यात सांगता येत नाही. कोण बोलतंय ते मध्येच बदलतं आणि ते सांगण्यासाठी एक शब्दही खर्च होत नाही. ही करामत आपल्याकडच्या ओवीत आणि पोवाड्यात दिसते, इंग्रजी पॉप गाण्यात फारशी नाही. ज्याने ही रचना केली त्याने लोकगीतं नुसती ऐकलेली नव्हती, ती खोलून पाहिलेली होती. दारूच्या नशेत असं लिहून होत नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

‘द सिक बेड ऑफ कूहुलिन’ हे आणखी एक. डब्लिनच्या ओ’कॉनेल स्ट्रीटवरच्या मुख्य पोस्टात मरणोन्मुख कूहुलिनचा पुतळा आहे, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आयरिश पुराणातला हा महावीर, म्हणजे आपला अभिमन्यू म्हणा. गाण्याचं नाव त्याच्या आजारपणाच्या प्राचीन कथेवरून घेतलंय, पण बिछान्यावर पडलाय तो युरोपभर मारामाऱ्या करून आलेला एक म्हातारा बेवडा. त्याच्या भ्रमात स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेलेला फ्रँक रायन येतो, गायक येतात, भुतं येतात. पुराण, इतिहास आणि गटार एकाच कडव्यात. परंपरेचा अपमान केला असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. मला तो अपमान वाटत नाही. ज्या वीराची गोष्ट फक्त पुतळ्याच्या चौथऱ्यावर उरलेली होती, त्याला त्याने पबमध्ये आणून बसवला, एवढंच.

आणि इथे आपण वादाच्या जागी येतो. आयर्लंडमधल्या पारंपरिक संगीतवाल्यांना पोग्ज मुळीच आवडले नव्हते. कॉन्सर्टिना वाजवणारे नामवंत वादक नोएल हिल यांनी तर आयरिश नभोवाणीवर, बँड समोर बसलेला असताना, हे आमच्या संगीताचं विद्रूपीकरण आहे अशा अर्थाचं सुनावलं. ते पूर्ण चुकीचे होते असं मी म्हणणार नाही. ज्या माणसाने पंधरा-वीस वर्षं एकेक स्वर घासून साधना केली, त्याच्यासमोर कुणी तरी कपाळावर ट्रे आपटत त्याच चाली वाजवल्या तर त्याने काय म्हणावं? शिवाय तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ‘दारुडा आयरिश’ हा विनोदाचा ठरलेला विषय होता, आणि हे लंडनवाले आयतं कोलीत हातात देत होते. हा आक्षेप नुसता सोवळेपणाचा नव्हता.

पण आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट विचारात घेतली नाही: गाणं जपायचं कशासाठी? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले, गिरणगावात राबले, आणि तमाशाची छक्कड हातात घेऊन त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ लिहिली. वरवर पाहता ती गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण, आतून संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातली बेळगाव-कारवारची सल. छक्कड हा प्रकार शुद्ध ठेवायचा असता तर हे लिहिता आलं नसतं. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातली भजनं आणि देशावरची कवनं गिरणीच्या भोंग्यावर नव्याने बांधली गेली. त्यांना कुणी भेसळ म्हटलं असेलही, पण त्यांतूनच ती माणसं स्वतःबद्दल बोलू शकली. मॅकगावनने केलं ते हेच. त्याला आजोबांची गाणी जशीच्या तशी म्हणून दाखवायची नव्हती. लंडनमध्ये आयरिश म्हणून जगणं काय असतं हे सांगायला त्याला एक भाषा हवी होती, आणि ती आजोळी सापडली.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत आपण मुलांना मंचावर उभं करतो. ‘ळ’ नीट म्हणतात की नाही ते बघतो, नऊवारी नीट नेसवतो, लेझीमचं पाऊल चुकलं की पुन्हा घेतो. हे करावंच, शिकल्याशिवाय मोडता येत नाही, आणि मॅकगावनलाही आधी सगळी गाणी पाठ होती. पण उद्या याच मुलांपैकी एखादी, ल्यूकनमध्ये किंवा स्वोर्ड्‌समध्ये वाढलेली, अर्धी डब्लिनच्या बोलीत, एखाद्या गवळणीच्या चालीवर आपल्या शाळेतलं, बसमधलं, कुणी तरी मारलेल्या टोमण्याचं गाणं करून आली, तर आपल्यातले किती जण ते शेवटपर्यंत ऐकून घेतील? की नोएल हिल यांच्यासारखे आधी चुका काढतील? मला याचं उत्तर देता येत नाही. अजून अशी वेळच आलेली नाही. कदाचित आलीही असेल आणि त्या मुलीने ते गाणं आपल्याला ऐकवलं नसेल.

आयर्लंडचं मन वळलं ते हळूहळू. १९८७ मध्ये ‘द डब्लिनर्स’ या ज्येष्ठ मंडळींनी पोग्जबरोबर ‘द आयरिश रोव्हर’ म्हटलं आणि ते आयर्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. घरातल्या वडीलधाऱ्याने सर्वांसमोर पाठीवर हात ठेवावा तसं ते झालं. ऐंशीच्या दशकात आयर्लंडमधून तरुणांचे लोंढे पुन्हा लंडन-बॉस्टनकडे निघालेले होते. त्यांच्यासाठी ही गाणी इतिहास नव्हती, सामानात होती. त्याच बँडमधल्या फिलिप शेव्हरॉनचं ‘थाउजंड्‌स आर सेलिंग’ हे गाणं याच काळातलं. पुष्कळ जण ते मॅकगावनचं समजतात. तसंच ‘डर्टी ओल्ड टाउन’ हे डब्लिनवरचं गाणं समजून इथे सगळे म्हणतात, पण लिहिलंय ते इवान मॅकॉलने, आणि गाव आहे इंग्लंडमधलं सॅलफर्ड. गाणी कुठल्या गावची हे ती लिहिणाऱ्यापेक्षा म्हणणारे ठरवतात.

जानेवारी १९८८ मध्ये तिसरी रेकॉर्ड आली, ‘इफ आय शुड फॉल फ्रॉम ग्रेस विथ गॉड’. ‘फेअरीटेल’ त्याच्या थोडं आधी, १९८७ च्या नाताळात प्रसिद्ध झालं होतं. आयर्लंडमध्ये पहिलं आलं, ब्रिटनमध्ये दुसरं. बाईचा आवाज कर्स्टी मॅकॉलचा, म्हणजे वर सांगितलेल्या इवान मॅकॉलच्या मुलीचा. ती २००० मध्ये मेक्सिकोत समुद्रात झालेल्या अपघातात गेली. गाण्याचं नाव जे. पी. डॉनलेव्ही यांच्या कादंबरीवरून. गाण्यात न्यूयॉर्क पोलिसांचं गायकवृंद गातं असा उल्लेख आहे. तसं गायकवृंदच अस्तित्वात नव्हतं. सगळं न्यूयॉर्क कल्पनेतलं, सिनेमांतून आणि परत न आलेल्या नातेवाइकांच्या पत्रांतून बांधलेलं. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. हे गाणं लोकांना इतकं आपलं का वाटतं? माझ्या समजुतीप्रमाणे, त्यात परदेशी गेलेल्या माणसाचा हिशोब खरा मांडलाय म्हणून. नशीब काढायला दोघं गेली. एक क्षण सगळं मिळेल असं वाटलं. मिळालं नाही, आणि त्याचा राग दोघं एकमेकांवर काढताहेत. शेवटी ती म्हणते, माझी स्वप्नं तू घेतलीस. आणि तो म्हणतो ते थोडक्यात असं, की ती मी माझ्यांबरोबर जपून ठेवलीत. भांडणाच्या तळाशी एवढी माया असलेलं नाताळगीत दुसरं नाही.

त्यातल्या शिव्यांपैकी एकीवरून, समलिंगी पुरुषांना हिणवणाऱ्या शब्दावरून, पुढे बराच वाद झाला. २००७ मध्ये बीबीसी रेडिओ वनने तो शब्द पुसला आणि आरडाओरड झाल्यावर त्याच दिवशी परत घातला. २०२० मध्ये त्याच वाहिनीने बदललेली आवृत्ती लावली. बोलणारी बाई चांगली नाही, ती तशीच बोलेल, असा मॅकगावनचा खुलासा होता, आणि त्याच वेळी शब्द पुसला तरी माझी हरकत नाही असंही त्याने म्हटलं. लेखक म्हणून पहिला भाग पटतो. माणूस म्हणून दुसरा.

त्याच रेकॉर्डवर बर्मिंगहॅमच्या स्फोटांबद्दल चुकीने शिक्षा भोगणाऱ्या सहा जणांवर गाणं आहे. १९८८ च्या शेवटी ब्रिटिश नियामकाने ते प्रसारित करायला बंदी घातली. मार्च १९९१ मध्ये ते सहाही जण निर्दोष सुटले. गाण्यामुळे सुटले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्या वेळी लंडनमध्ये आयरिश माणूस मान खाली घालून चालत होता, त्या वेळी हे मोठ्याने म्हटलं गेलं. ‘द ब्रॉड मॅजेस्टिक शॅनन’ही याच रेकॉर्डवर आहे. दोन म्हातारी माणसं टिपेरारीतल्या लहान लहान गावांची नावं घेत जुने दिवस काढतात. आजोळावर त्याने लिहिलेलं सर्वांत सरळ गाणं हे.

यानंतरची वाटचाल उताराची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. १९८९ च्या ‘पीस अँड लव्ह’मध्ये गाणी इतरांची जास्त आणि त्याचा आवाज धूसर. १९९० ची ‘हेल्स डिच’ त्या मानाने बरी. १९९१ मध्ये जपानच्या दौऱ्यावर सोबत्यांनीच त्याला बँडमधून काढलं. उभंच राहवत नव्हतं, ते तरी काय करणार? ‘द पोप्स’ हा नवा बँड घेऊन त्याने १९९४ मध्ये ‘द स्नेक’ काढली, तिच्यात जुनी धग आहे. १९९७ ची ‘द क्रॉक ऑफ गोल्ड’ मला कंटाळवाणी वाटते. आणि नंतर? नंतर मृत्यूपर्यंत सव्वीस वर्षं नवी स्टुडिओ रेकॉर्ड नाही. १९९९ मध्ये शिनेड ओ’कॉनरने त्याच्या हेरॉइनबद्दल थेट पोलिसांत कळवलं. तेव्हा तो चिडला, पुढे त्याने तिचे आभार मानले. २००१ पासून पोग्ज पुन्हा एकत्र येऊन जुनी गाणी गात राहिले, २०१५ मध्ये पडून त्याची कंबर मोडली आणि तो चाकाच्या खुर्चीत बसला. पिण्यामुळे तो असं लिहू शकला, ही दंतकथा इथल्या पबांत आजही ऐकू येते. तारखा बघा. जे चांगलं आहे ते बहुतेक १९८४ ते १९८८ या चार-पाच वर्षांतलं, तो बऱ्यापैकी उभा होता तेव्हाचं. दारूने गाणी दिली नाहीत. पुढची पंचवीस वर्षांची नेली.

जानेवारी २०१८ मध्ये डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये त्याच्या साठीचा सोहळा झाला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी त्याला जीवनगौरव पुरस्कार दिला. ८ डिसेंबर २०२३ ला डब्लिनच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या गाडीतून त्याची अंत्ययात्रा निघाली आणि मग नीना गावच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. तिथे ग्लेन हॅन्सर्ड आणि लिसा ओ’नील यांनी ‘फेअरीटेल’ म्हटलं, आणि घरची माणसं उठून शवपेटीसमोर नाचली. आपल्याकडे वारकऱ्याला टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. इथल्या काहींना मात्र वाटलं.

ज्यांनी फक्त ते एकच गाणं ऐकलंय त्यांनी पुढे काय ऐकावं? सरळ १९८५ ची रेकॉर्ड घ्यावी आणि ‘अ पेअर ऑफ ब्राउन आइज’पासून सुरुवात करावी, मग ‘अ रेनी नाइट इन सोहो’, जे १९८६ च्या छोट्या रेकॉर्डवर आहे आणि नीनाच्या चर्चमध्ये निक केव्हने गायलं, मग शॅननचं गाणं. ‘ओल्ड मेन ड्रॅग’ मुलं झोपल्यावर. लिमरिककडे किंवा मोहरच्या कड्यांकडे जाताना एम-७ वर नीनाची पाटी लागते. तिथून आत वळलं की थोड्याच अंतरावर लॉक डर्ग आणि शॅनन. गाडीत आधी गाणं लावावं आणि मग वळावं.